टेंब्यांचा पेटारा

मंदारमाला सोसायटीच्या नव्या टॉवरमध्ये प्रत्येक घराच्या हॉलमध्ये, खिडकीखाली, भिंत फोडून एक यंत्र बसवलेले होते. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याला ‘अंतर्भूत शीतल सुविधा’ असे नाव होते. प्रत्यक्षात तो एसी होता. परंतु एसी म्हटल्यावर जे काही पांढरे, सडसडीत आणि छताजवळ नम्रपणे टांगलेले डोळ्यांसमोर येते, त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. आकाराने ते बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या पत्र्याच्या ट्रंकेएवढे होते, रंग भिजून सुकलेल्या सिमेंटच्या गोणीचा होता, आणि चालू केल्यावर ते आधी एकदा अंग झटकत असे व मग गुरगुरत असे. निम्मे भिंतीत, निम्मे घरात. भिंतीतली बाजू बाहेरून अॅल्युमिनियमच्या सलग जाळीआड झाकलेली असल्यामुळे रस्त्यावरून टॉवर अत्यंत देखणा दिसे. म्हणजे देखणेपणा रस्त्याने जाणाऱ्यांच्या वाट्याला आणि यंत्र आत राहणाऱ्यांच्या वाट्याला, अशी वाटणी झालेली होती.

हे यंत्र प्रभाकर टेंबे यांनी मंजूर केले होते.

सोसायटीची ठाकुर्लीच्या बाजूची जुनी तीन मजली इमारत पाडायचे ठरले, तेव्हा पुनर्विकास समितीत दोन शिक्षक, एक निवृत्त कॅशियर, एक विमा एजंट आणि टेंबे असे लोक होते. त्यांत तांत्रिक गृहस्थ एकटे टेंबे. तंत्रनिकेतनातली यंत्र अभियांत्रिकीची पदविका, आणि त्यानंतर ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेली उभी हयात. बिल्डरने यंत्राचा नमुना सभेत आणून ठेवला, तेव्हा बाकीच्यांनी आधी यंत्राकडे पाहिले आणि मग टेंब्यांकडे. टेंब्यांनी बाहीची बटणे सोडली, पुढचे झाकण काढले, आत टॉर्चचा झोत टाकला, पंख्याचे पाते बोटाने फिरवून पाहिले आणि उभे राहून निर्णय दिला. बाहेर लोंबणारे खोके नाही. तांब्याच्या लांबलचक नळ्या नाहीत, त्यामुळे गॅस गळायला जागा नाही. चार स्क्रू काढले की संपूर्ण यंत्र हाताशी. “वीस वर्षं बघायला नको,” ते म्हणाले.

त्यात खोटे काहीच नव्हते. फक्त ते यंत्राच्या बाजूने बोलत होते. त्या यंत्राकडे बघत बसावे लागणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलायला समितीत कोणी नव्हते.

बिल्डरला ही यंत्रे कुठल्याशा रद्द झालेल्या हॉटेलच्या मालातून कवडीमोलाने मिळाली होती, ही बातमी ताबा मिळाल्यानंतर फुटली. मग मात्र टॉवरने त्या यंत्राला स्वतःचे नाव दिले : टेंबे. “आमचा टेंबे आज फार गुरगुरतोय,” “टेंब्यावर ओले टॉवेल टाकू नका रे,” अशी वाक्ये लिफ्टमध्ये सर्रास ऐकू येऊ लागली. खरे टेंबे लिफ्टमध्ये शिरले की ती मध्येच तुटत. टेंबे मजल्यांचे आकडे वाचत उभे राहत. माणसाला निवृत्तीनंतर फार थोड्या गोष्टी लागतात. टेंब्यांना एकच लागत होती : आपण तांत्रिक बाबतीत शब्द दिला, तर तो शब्द लोकांनी मानावा. तीच गोष्ट आता लिफ्टमध्ये खाली-वर हेलपाटे घालत होती.

वर्षाच्या आत टॉवरमधले एक सोडून प्रत्येक यंत्र झाकले गेले. सेक्रेटरी हरिहर मोकाशी यांनी आपल्या यंत्राला पैठणीच्या काठाचे कापड लावून वर निळ्या दिव्याचा धबधबा ठेवला. यंत्र चालू झाले की कापड आत ओढले जाई, आणि कोणीतरी नऊवारी नेसून ओचे सावरत बसले आहे असे वाटे. निवृत्त मुख्याध्यापिका उत्तराबाईंनी कृत्रिम गवताची चटई चिकटवली. तिच्यामुळे यंत्राला दाढी आली. चौथ्या मजल्यावर वारली चित्रे काढण्यात आली. त्यांत तारपा वाजवणाऱ्याच्या नेमक्या तोंडातून यंत्राचे गार पाणी गळे. ठाण्याहून एक सजावटकारीण आली होती. तिने यंत्राकडे पाठ करून बसण्याचा सल्ला दिला आणि त्याचे पैसे घेतले.

टेंबे हे सर्व पाहत आणि हात मागे बांधून एकच प्रश्न विचारत : “हवा कुठून घेणार ते?”

“काका,” मोकाश्यांची बायको दर्शना एकदा म्हणाली, “ते श्वास घेतं आणि आमचा कोंडतो, त्याचं काय?”

टेंब्यांनी आपले यंत्र उघडे ठेवले होते. झाकले असते तर ती कबुली ठरली असती. दर रविवारी ते त्याची जाळी काढून धूत आणि फडक्याने अंग पुसत. आलेल्या-गेलेल्याला ते दिसावे अशीच हॉलमधल्या खुर्च्यांची मांडणी होती.

नवरात्र जवळ आले, तेव्हा वासंतीबाईंनी विषय काढला.

“अहो, घट कुठे बसवायचा?”

“दरवर्षीप्रमाणे. ईशान्येला.”

“ईशान्येला तुम्ही बसलायत.”

टेंब्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले. नव्या घराचा ईशान्य कोपरा म्हणजे हॉलची खिडकी, आणि खिडकीखाली यंत्र. गेल्या वर्षीचे नवरात्र भाड्याच्या घरात झाले होते, त्यामुळे ही गोष्ट लक्षात आली नव्हती.

“यंत्राच्या शेजारी चौरंग मांडू.”

“देवीच्या शेजारी ही म्हैस मी बांधणार नाही. एक तर ही झाका, नाहीतर मी घट घेऊन अद्वयकडे जाते घोडबंदरला. कादंबरी कधीची म्हणतेय, आई, आमच्याकडे बसवू या.”

कुळाचार मुला-सुनेकडे जाणे म्हणजे या घरातले कर्तेपण संपणे. वासंतीबाईंनी वाक्य साधेपणाने उच्चारले, पण ते मोजून टाकलेले होते. टेंब्यांनी उठून यंत्राची लांबी-रुंदी वितीने मोजली.

“झाकायचंच असेल,” शेवटी ते म्हणाले, “तर शास्त्रशुद्ध झाकू.”

त्यानंतर हॉलमध्ये आराखड्यांचा कागद पसरला तो उचललाच जाईना. समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही दृश्ये काढली गेली. ठरले ते असे : कोकणातल्या जुन्या घरांत असतो तसा लाकडी पेटारा, पितळी पट्ट्यांचा. यंत्र त्याच्या पोटात. हवा आत घेण्याच्या फटी पितळी पट्ट्यांच्या आडोशाला. गार हवा बाहेर सोडणारी झडप वरच्या फळीत, मागच्या कडेला, नक्षीच्या पट्टीखाली; यंत्र चालू करताना ती उचलायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिजागरी नाही, कडी नाही, एकही स्क्रू दिसणार नाही. दार असले की ते उघडून पाहण्याची इच्छा होते, म्हणून दारच नाही. पेटाऱ्याच्या बुडाशी लपवलेली चाके. यंत्राला हात लावायचा तर अख्खा पेटारा पुढे ओढायचा.

कळव्याच्या सुताराने तो आराखड्याबरहुकूम बनवला. टेंब्यांनी यंत्र चालवून चारी बाजूंनी तापमान घेतले. काहीही घटले नव्हते. आतून जाड अस्तर लावल्यामुळे गुरगुरणेसुद्धा दबून नुसती घरघर राहिली होती. टेंब्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतले हे सर्वोत्कृष्ट काम होते, आणि त्याची उत्कृष्टता यातच होती की ते कोणाला कळणार नव्हते.

पहिल्यांदा ते कळले नाही ते दर्शनाला. ती रिकामा डबा परत द्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“अय्या काकू! हे कुठून आलं?”

वासंतीबाई खरे सांगण्याच्या बेतात होत्या. परंतु दर्शना पितळी पट्टीवरून बोटे फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आदर होता, जो या घराला टॉवरमध्ये आल्यापासून कोणी दाखवला नव्हता.

“ह्यांच्या आजीचा,” वासंतीबाई म्हणाल्या. “गुहागरचा.”

“खानदानीच दिसतो! आणि इथलं ते… टेंब… सॉरी काकू, ते मशीन?”

“ते आता दिसत नाही.”

हे वाक्य शब्दशः खरे होते. दर्शनाने त्याचा जो अर्थ सरळ निघतो तो काढला आणि ती लगबगीने खाली गेली.

टेंबे वर्तमानपत्राआडून बाहेर आले. त्यांच्या आजीच्या नावावर गुहागरात एक पाट आणि एक विळी होती. पैकी विळी शेजाऱ्यांची होती.

“आजीचा पेटारा?”

“मग काय सांगू, कळव्याच्या सुताराचा?”

“जे खरं आहे ते सांगायचं.”

“खरं सांगायचं होतं तर हे बनवलंत कशाला?”

टेंबे पुन्हा वर्तमानपत्राआड गेले.

प्रतिपदेला घट बसला. पेटाऱ्याच्या वर पाट, पाटावर परडीत काळी माती, मातीत सप्तधान्य, मध्ये कलश, त्यावर नारळ, वरून झेंडूची पहिली माळ, आणि मागच्या कडेला, बरोबर झडपेच्या तोंडाशी, अखंड दिवा. वासंतीबाईंनी नमस्कार केला आणि घराचा कायदा जाहीर केला. घट दसऱ्यापर्यंत तसूभर हलायचा नाही. दिवा विझायचा नाही. पंखासुद्धा एकवर.

“आणि यंत्र?” टेंब्यांनी विचारले.

“कुठलं यंत्र?” वासंतीबाई म्हणाल्या. “तो पेटारा आहे.”

त्या वर्षी ऑक्टोबर नेहमीपेक्षा वाईट होता. खाली टॉवरमधली झाकलेली यंत्रे आपापल्या कापडांतून, गवतांतून आणि चित्रांतून जिवाच्या आकांताने चालली होती. टेंब्यांच्या घरात दिव्याची ज्योत सरळ उभी होती आणि माणसे वितळत होती.

तिसऱ्या माळेच्या दिवशी मोकाशी आले. चप्पल काढली, घटाला हात जोडले, सोफ्याच्या कडेवर टेकले.

“टेंबेकाका, एक विचारायला आलेलो. रागावू नका.”

“विचारा.”

“काढलंत ना?”

“काय?”

“मशीन हो! सगळ्या बिल्डिंगला कळलंय. आमच्या बोडक्यावर बसवलंत आणि स्वतःचं गुपचूप काढून टाकलंत. चांगलंय. लोक काय बोलतायत माहितीये?”

टेंब्यांचा चेहरा प्रथम पांढरा आणि मग तांबडा झाला. आपल्या निर्णयाला लोक हसतात, हे त्यांनी सहन केले होते. पण आपण आपल्याच निर्णयापासून पळालो, असे कोणी म्हणणे ही वेगळी गोष्ट होती.

“ते आत आहे,” ते म्हणाले.

“कशाच्या आत?”

“पेटाऱ्याच्या.”

मोकाश्यांनी पेटाऱ्याकडे पाहिले. “आजींच्या?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. टेंब्यांनी त्या दिशेला एकदा पाहिले आणि ते ‘हो’ही म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

“बरं, आत आहे ना? मग दाखवा की काका, विषय मिटला.”

“अख्खा पेटारा पुढे ओढावा लागतो. घट बसलाय.”

“मग चालू करून दाखवा. आवाज ऐकतो आणि जातो.”

“झडप दिव्याच्या खाली आहे. वारा थेट ज्योतीवर येईल.”

मोकाश्यांनी रुमालाने मान पुसली. “म्हणजे उघडता येत नाही, लावता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही.” ते उठले. “काका, आमच्याकडे ह्याला ‘नाही’ म्हणतात.”

“थांबा, मी आकृती काढून दाखवतो.” टेंब्यांनी वर्तमानपत्राच्या समासात पेटाऱ्याचा उभा छेद काढला. हवा आत येण्याचे बाण, बाहेर जाण्याचे बाण, मध्ये यंत्र. मोकाश्यांनी ती आकृती ज्या नजरेने पाहिली, त्या नजरेने माणसे दुसऱ्याच्या नातवाचे फोटो पाहतात.

“छान काढलीये. पण काका, ऑक्टोबर चालू आहे. तुमचा बनियन पाठीला चिकटलाय. मशीन असतं तर माणूस असा बसला असता का?”

“दसऱ्याला घट हलला की या. डोळ्यांनी बघा.”

“दसऱ्यापर्यंत परत बसवून घ्याल. तुम्ही इंजिनिअर माणूस, तुम्हाला काय अवघड?”

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला : विशेष सर्वसाधारण सभा, सातव्या माळेला. विषय एकच, यंत्रे काढून टाकण्याबाबत. खाली कोणीतरी पेनाने लिहिले होते : ‘ज्यांनी आधीच काढली त्यांचे अनुभव ऐकू.’

टेंबे निवेदनाचा मसुदा करायला बसले. पहिल्या परिच्छेदात त्यांनी लिहिले की यंत्र जागेवर असून सुस्थितीत आहे. दुसऱ्या परिच्छेदात पेटारा कोणी, केव्हा आणि का बनवला हे यायला हवे होते. तिथे पेन थांबले.

“लिहा ना,” वासंतीबाई मागून म्हणाल्या. “कळव्याचा सुतार लिहा. प्लायवूड लिहा.”

“लिहावंच लागेल.”

“काल हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांनी पेटाऱ्याला हळदीकुंकू लावलं. उत्तराबाईंनी डोकं टेकलं त्याच्यावर. म्हणाल्या, जुन्या बायकांचे हात लागलेत ह्याला. मी काय करत होते माहितीये? मी डोळे पुसत होते.” त्या खाली बसल्या. “घामानं डोळे चुरचुरत होते, पण पुसत होते. आता सभेत उठून सांगा त्यांना, की तुम्ही एसीच्या पाया पडलात.”

टेंब्यांनी निवेदन पहिल्या परिच्छेदावरच संपवले. पेटाऱ्याचा उल्लेख न करता पेटाऱ्याच्या आतल्या यंत्राचे अस्तित्व सिद्ध करायचे, असा तो प्रश्न होता. ते सातव्या माळेपर्यंत त्याच्याशी झटापट करत राहिले.

सभा पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुढे पुरुष, मागे बायका. तिसऱ्या रांगेत वासंतीबाई. टेंबे निवेदन खिशात ठेवून पहिल्या रांगेत, आरोपीने बसावे तसे ताठ बसले. मोकाश्यांनी विषय वाचला. कोणीतरी मागून “टेंबे हाजिर हो!” असे ओरडले आणि हशा पिकला.

हशा संपायच्या आत उत्तराबाई उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांच्या उभे राहण्याने शांतता होत असे.

“हसायचं काय त्यात?” त्या म्हणाल्या. “मला तर टेंब्यांचं कौतुक वाटतं. माणसाकडून चूक होते. किती जण ती ओळखतात? ओळखली तरी किती जण दुरुस्त करतात? ह्यांनी बोभाटा न करता स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. यंत्र काढलं आणि तिथं आपल्या आजीची वस्तू ठेवली. ह्याला मी संस्कार म्हणते. टाळ्या वाजवा.”

टाळ्या वाजल्या. आधी बायकांच्या, मग सगळ्यांच्या.

टेंब्यांसाठी आयुष्यात कधी टाळ्या वाजल्या नव्हत्या. देखभाल विभागातल्या माणसाचे नाव फक्त काही बंद पडले की घेतले जाते. सर्व सुरळीत चालले तर तो अस्तित्वातच नसतो. निरोप समारंभातसुद्धा टाळ्या मुख्य पाहुण्यांना पडल्या होत्या. आता साठ-सत्तर माणसे त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती, आणि टेंबे निवेदनाचा कागद हातात घेऊन उभे राहिले होते.

“माझ्या निर्णयात,” त्यांनी सुरुवात केली, “तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती.”

लोक हसले, पण हे हसणे लिफ्टमधले नव्हते. घरच्या म्हाताऱ्याच्या हट्टाला हसावे तसे ते होते, प्रेमाचे.

“यंत्राच्या बाबतीत वस्तुस्थिती अशी आहे की…”

“काका, ते राहू दे,” मोकाशी मध्येच म्हणाले. “तेवढं सांगा, भोक कशानं बुजवलंत? बिल्डरचा माणूस म्हणतो, मशीन काढलं की भिंतीतून पाणी येणार, जबाबदारी आमची नाही.”

“असं म्हणाला?” टेंबे थबकले. “भिंतीतून पाणी का येईल?”

“तो म्हणतो, जोड तिथं तडा जाणारच.”

“मूर्ख आहे.” टेंब्यांचा आवाज एकदम स्वच्छ झाला. समोर एक तांत्रिक प्रश्न होता आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले गेले होते; अशा वेळी दुसरे काही करणे त्यांना जन्मात जमले नव्हते. “हलक्या विटा घ्याव्यात. जुन्या भिंतीच्या कडा खरवडून ओल्या कराव्यात. सिमेंट-वाळूचा एकास चार मसाला. जोडावर दोन्ही बाजूंना जाळी ठोकून मग गिलावा करावा, म्हणजे तडा जात नाही. आठवडाभर पाणी मारावं. बाहेरून जलरोधक लेप. घाई केली तर मात्र गळेल.”

कोणी मोबाइलवर लिहून घेत होते, कोणी ध्वनिमुद्रण करत होते. टेंब्यांनी संपूर्ण भाषणात ‘घ्यावे’, ‘करावे’, ‘मारावे’ अशीच क्रियापदे वापरली. ‘मी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, ही गोष्ट त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली.

“तुम्ही असंच केलंत ना?” उत्तराबाईंनी विचारले.

टेंब्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. वासंतीबाई पदराचा काठ सरळ करत होत्या. तो आधीच सरळ होता.

“पद्धत हीच आहे,” टेंबे म्हणाले.

ठराव एकमताने मंजूर झाला. तांत्रिक देखरेखीसाठी श्री. प्रभाकर टेंबे यांची नेमणूक झाली, तीही एकमताने. ज्याने खरे मत दिले म्हणून लोकांनी यंत्राला त्याचे नाव ठेवले, त्याला लोकांनी खोट्यासाठी साहेब केले. आणि ते खोटेही त्याला पुरतेपणी बोलावे लागले नव्हते. निवेदनाचा कागद टेंब्यांनी खिशात घडी करून ठेवला व तो पुढच्या धुण्यात गेला.

दसऱ्याला घट हलला. पेटारा हलला नाही.

दिवाळीनंतर कामे सुरू झाली. टेंबे हातात ओळंबा आणि पाणसळ घेऊन मजल्यामजल्याने फिरू लागले. प्रत्येक घरी चहा झाला. जोड त्यांच्या पसंतीस उतरल्याशिवाय गवंड्याला पुढे जाता येत नसे. काढलेली यंत्रे टेम्पोत भरून शीळफाट्याच्या भंगारवाल्यांकडे गेली. टेंबे गेटपाशी उभे राहून टेम्पोकडे पाहत. ती सगळी यंत्रे चांगली चालत होती, हे त्या गर्दीत त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि ते सांगणारा माणूस आता त्यांच्यात उरला नव्हता. हॉलहॉलमध्ये छताजवळ पांढरे, सडसडीत, मुकाट एसी लागले. लिफ्टमध्ये लोक “या साहेब” म्हणून जागा देऊ लागले.

अडचण नंतर उभी राहिली, आणि ती निव्वळ ध्वनिशास्त्राची होती. टॉवरमध्ये सगळीकडेच गुरगुर होती, तोवर एक घरघर त्यात सहज बुडून जात होती. आता सर्वत्र शांतता होती आणि तिच्यात एकच यंत्र उरले होते. फाल्गुनापासून उकडू लागले, तशी टेंब्यांच्या घरात यंत्र लावण्याची नियमावली तयार झाली. खिडक्या बंद. कोणी यायचे असेल तर नाही. वरच्या मजल्यावर मिक्सर चालू असेल तर चालेल. सर्वांत सोयीची वेळ वासंतीबाईंनी शोधून काढली : “वाहिनीवर ती चर्चा सुरू झाली की लावा. सहा जण एकदम ओरडतात, त्यात काही कळत नाही.”

“आपल्याच घरात आपणच चोरासारखं,” टेंबे पुटपुटले.

“मग उद्या सांगू या का सगळ्यांना?”

टेंब्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

चैत्रातल्या एका दुपारी मात्र धीर सुटला. वीज आत्ताच परत आली होती, भिंतींना हात लावला तर चटका बसत होता, आणि वाहिनीवर नेमका कुठल्याशा संगीताचा संथ कार्यक्रम होता. वासंतीबाईंनी झडप उचलून भिंतीवरचे बटण दाबले. पेटाऱ्याने अंग झटकले, घरघर सुरू झाली, आणि पाचेक मिनिटांत खोली राहण्याजोगी झाली. टेंबे सोफ्यावर पाय पसरून बसले. बेल वाजली.

वासंतीबाईंनी दार चेहऱ्याएवढेच उघडले. बाहेर मोकाशी होते. ते बरोबर खालच्या घरात राहत.

“काकू, काका आहेत का? जरा वेगळंच काम होतं.”

“झोपलेत.”

“दुपारचा तुमच्या भिंतीतून एक आवाज येतो आमच्याकडे. घर्रर्र असा. म्हटलं, भोक बुजवलंय तिथं काही सैल तर झालं नाही ना? काकांना दाखवलेलं बरं. हा बघा, आत्तासुद्धा येतोय!”

“तो होय? ह्यांचं घोरणं.”

“काय सांगता? एवढं?”

“लग्न झाल्यापासून ऐकतेय मी.”

मोकाश्यांनी दाराच्या फटीजवळ तोंड आणले आणि डोळे मिटले. “काकू, तुमच्याकडे गार वाटतं हो किती!”

“जुना सागवान आहे ना पेटाऱ्याला. थंडावा धरतो.”

“तेच म्हणतो मी. जुन्या वस्तूंची सर नाही.”

याच क्षणी हॉलचे तापमान ठरवलेल्या अंशावर आले, आणि यंत्राने, वीस वर्षांची हमी ज्या अचूकतेवर दिली होती त्या अचूकतेने, स्वतःला बंद केले. घरघर तुटली. पार जिन्यापर्यंत शांतता पसरली. मोकाश्यांनी डोळे उघडले आणि भुवया उंचावून वासंतीबाईंकडे पाहिले.

सोफ्यावर टेंबे टक्क जागे होते. त्यांनी एकदा पेटाऱ्याकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले. मग डोके मागे टेकले, डोळे मिटले, तोंड उघडले, आणि आवाजाची पट्टी व लय शक्य तितकी मूळ यंत्राबरहुकूम सांभाळत घोरायला सुरुवात केली.

“हे असं मध्येच थांबतात,” वासंतीबाई मोकाश्यांना म्हणाल्या. “जीव घाबरा होतो हो माझा.”